ठाणे ते नवगाव, व्हाया दास्तान फाटा

आधीच सांगतो, या ट्रिपमध्ये बीच नाही, रिसॉर्ट नाही आणि फोटोही फारसे नाहीत. २६ जानेवारी सोमवारी आली होती म्हणून जोडून सुट्टी होती, अख्खं ठाणं अलिबागला निघालेलं आणि आम्ही पण अलिबागलाच निघालो, पण कबरी बघायला. हे ऑफिसमध्ये सांगितलं तर लोक म्हणाले बरा आहेस ना.

कारण आमच्या मजल्यावरच्या काकू. काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मी दुसरी-तिसरीत असताना त्या जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, मशिदीत जाऊन आले रे, आणि मला पाच-सहा वर्षं वाटायचं काकू मुसलमान आहेत, पण मग त्यांच्या दारावर ती छोटी तिरकी डबी कसली आणि त्या शनिवारी गॅस का पेटवत नाहीत ते काही कळायचं नाही. खूप नंतर कळलं की जुनी बेने इस्राएल माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात, मुंबईचं मस्जिद स्टेशनसुद्धा त्यांच्याच १७९६ च्या सिनेगॉगवरून पडलेलं नाव आहे. तर काकू दिवाळीत म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला एकदा नवगावला घेऊन चल. मी म्हटलं शनिवारी जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच म्हटलं, सॉरी, रविवारी.

शुक्रवार

हाफ डे टाकला होता. सकाळी काकूंना घेऊन ठाण्यातल्याच त्यांच्या कब्रस्तानात गेलो, काकांची कबर तिथे आहे. ठाण्यात आज बेने इस्राएलांची मोठी वस्ती आहे, भारतात उरलेल्या त्यांच्यातली सगळ्यात मोठी म्हणतात, सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शाआर हाशामाइम सिनेगॉग १८७९ चं, त्या नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. तरीही ठाण्यात जन्म काढलेल्या दहा जणांना विचारलं तर आठ जणांना ते कुठे आहे सांगता येणार नाही, मी त्यातलाच होतो.

काकांच्या दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. आजूबाजूला सगळी -कर मंडळी, दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर, वाचताना एसटीच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. काकूंनी पदराने दगड पुसला, खालचा एक खडा उचलून वर ठेवला आणि निघताना गेटपाशी नळावर हात धुतले. मी पण धुतले. आपण स्मशानातून आल्यावर अंघोळ करतो तसंच, त्या म्हणाल्या. मग लगेच, चल, बारा वाजले, शाब्बाथचं जेवण करायचंय, सूर्य बुडायच्या आत सगळं आवरावं लागतं. शाब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी रात्रीपर्यंत.

काकूंना घरी सोडलं आणि माझ्याकडे दुपार उरली. डोक्यात तेच चाललं होतं म्हणून कोर्टनाक्याहून चालत जेलच्या भिंतीपर्यंत गेलो. ठाण्याचं जेल म्हणजे मुळात पोर्तुगीजांचा किल्ला, १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि त्यांनी नंतर त्याचं जेल केलं. याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये, शारदा नाटकाच्या प्रयोगाला. म्हणजे चार महिन्यांत सगळं उरकलं. मुलगा अठरा वर्षांचा. माझा पुतण्या अठराचा आहे, त्याला अजून बँकेत एकट्याने जायला नको वाटतं.

फाशीची जागा आत आहे, तिथे स्मारकही आहे, पण ते चालू जेल, मनात आलं आणि आत गेलो असं नाही होत. मी बाहेरच उभा राहिलो, ती काळी भिंत, वर तारा, समोर रिक्षा स्टँड, एका कैद्याचे नातेवाईक डबा घेऊन बसलेले. या तिघांचे देह घरच्यांना दिले नाहीत, खाडीकाठी जाळले आणि राखसुद्धा पाण्यात टाकली. का, तर लोकांनी तिथे समाधी बांधू नये, माथा टेकू नये म्हणून, दुसरं काय कारण असणार. सरकारला त्या तीन पोरांच्या राखेची भीती होती हे मला फार वेळ डोक्यातून जाईना. आणि गंमत बघा, राख नाही मिळाली तर लोकांनी तारीखच धरून ठेवली, दरवर्षी १९ एप्रिलला हार घेऊन माणसं जेलच्या दारात येतात.

घरी येताना मासुंद्याला चक्कर मारली. तलावाजवळच्या चर्चपाशी आलो की मला ते चार फ्रान्सिस्कन साधू आठवतात, १३२१ च्या एप्रिलमध्ये याच ठाण्यात मारले गेले, त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि नंतर ओडोरिक नावाचा दुसरा साधू त्यांची हाडं उकरून बोचक्यात बांधून जहाजाने थेट चीनला घेऊन गेला. सातशे वर्षांपूर्वी. हाडं बरोबर घेऊन समुद्र ओलांडायचा म्हणजे काय डेअरिंग असेल.

शनिवार

काकूंचा शाब्बाथ, बायकोची शाळेत मीटिंग, मी एकटा. बाईक काढली आणि ठरवलं जासई-चिरनेर करून येऊ. ऐरोलीवरून बेलापूर, किल्ले जंक्शनवरून आम्र मार्ग, डावीकडे नवीन एअरपोर्ट आणि उजवीकडे उलव्याचे टॉवर. या रस्त्याला बाईक चालवणं म्हणजे कंटेनरच्या दोन चाकांमधून जीव वाचवत जाणं आहे, कोणी फार शौकाने जाऊ नका.

नवी मुंबईत राहणाऱ्या माझ्या निम्म्या मित्रांना १९८४ माहीत नाही, म्हणून थोडं लिहितो. १९७० ला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी जायची ठरली. भातशेती, मिठागरं, सगळं. भाव मिळत होता तो चेष्टा केल्यासारखा. दि. बा. पाटील याच जासईचे, त्यांच्यामागे आगरी-कोळी माणसं रस्त्यावर उतरली आणि १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांनी गोळीबार केला. पहिल्या दिवशी दास्तान फाट्याला नामदेव घरत आणि रघुनाथ ठाकूर गेले, दुसऱ्या दिवशी पागोट्याला महादेव पाटील, केशव पाटील आणि कमळाकर तांडेल. पाच जीव. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची जी योजना पुढे आली, जिच्या जाहिराती आज प्रत्येक इस्टेट एजंटच्या काचेवर चिकटवलेल्या असतात, ती या पाच जणांच्या मागून आलेली आहे. मी स्वतः २०१५ ला घणसोलीत साडेबाराच्या प्लॉटवरच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघितला होता आणि एजंटला विचारलं होतं की साडेबारा म्हणजे काय हो, तर तो म्हणाला, स्कीम आहे साहेब, टेन्शन घेऊ नका.

स्मारकापाशी पोचलो तर आठवड्यापूर्वीचे हार अजून तसेच होते, झेंडू काळा पडलेला, निशिगंध चुरगळून पिवळा, एका हाराची फीत वाऱ्यावर फडफडत होती आणि त्यावर कुठल्यातरी पक्षाच्या तालुका शाखेचं नाव. मला वाईट वाटलं नाही खरं तर. सुकलेला हार म्हणजे कोणीतरी आठवड्यापूर्वी आलं होतं याची पावतीच. ज्या स्मारकावर कधीच सुका हार दिसत नाही तिथे खरी गडबड असते.

बाजूच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाबांना विचारलं तुम्ही होतात का तेव्हा. म्हणाले होतो ना, पोरगा होतो, पळालो, चप्पल गेली. बस एवढंच. मला वाटलं अजून काही सांगतील पण ते ग्लास विसळत राहिले आणि मग एकदम समोरच्या ट्रेलरच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "आमच्या शेतान आता कंटेनर पिकतान." मी हसलो, ते नाही हसले. चहाचे पैसेही घेत नव्हते, तू ठाण्याहून हुतात्म्यांसाठी आलास ना म्हणे. कसेबसे दिले.

तिथून चिरनेर. रस्ता एकदम बदलतो, ट्रेलर संपतात, झाडं सुरू होतात, महागणपतीच्या देवळापाशी गर्दी. बहुतेक लोक देवळातून दर्शन घेऊन परत फिरतात, हुतात्मा स्तंभापाशी मी आणि एक झोपलेला कुत्रा. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह. जंगलातलं लाकूड तोडायला सरकारची बंदी, म्हणून गावोगावची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली आणि गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले. मामलेदार जोशीही त्याच दिवशी गोळीला बळी पडले, म्हणजे सरकारचाच माणूस, सरकारच्याच गोळीने.

मी आठही नावं मोठ्याने वाचली, कुत्र्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. धाकू गवत्या फोफेरकर. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. आनंदा माया पाटील. रघुनाथ मोरेश्वर न्हावी. परशुराम रामा पाटील. हसुराम बुधाजी घरत. आलू बेमट्या म्हात्रे. बघा, आडनावाच्या जागी कातकरी आहे, कोळी आहे, न्हावी आहे. सगळ्या गावकीने एका दिवशी डोंगर चढला होता हे ही यादीच सांगते, वेगळा इतिहास लिहायची गरज नाही. नवश्या म्हणजे नवसाने झालेला असणार. ज्या आईने नवस केला होता तिचा विचार आला आणि मग जरा बसलोच तिथे पायरीवर.

दर २५ सप्टेंबरला इथे पोलीस मानवंदना देतात, बंदुकीच्या फैरी हवेत झाडून. पोलिसांच्याच गोळ्यांनी मेलेल्यांना पोलिसांच्याच गोळ्यांची सलामी. हे कोणाला खटकत नाही याचं मला नवल वाटायचं. पण तिथे बसल्यावर वाटलं की गावाने ते मुद्दाम मागून घेतलेलं असावं असंच आहे, या, आता वर बघून झाडा. हा आपला माझा अंदाज, कोणी तसं म्हटलेलं नाही.

येताना गव्हाण फाट्याला दीड तास अडकलो. त्याबद्दल लिहीत नाही, बीपी वाढतं.

रविवार

पाचला निघायचं ठरलं, साडेसहाला निघालो, कारण काकूंनी पोहे भिजवले होते, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं वेगळी बांधून, मलिद्यासाठी, म्हणजे त्यांच्या प्रसादासाठी. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्यांची माळ. बायको गाडी चालवत होती, मी मागे काकूंबरोबर, आणि काकू सुरू.

गोष्ट त्यांच्या तोंडून अशी. फार पूर्वी, दोन हजार वर्षांपेक्षा जास्त, तिकडे राजाने छळ मांडला म्हणून माणसं जहाजात बसून निघाली. चौलच्या बंदराच्या अलीकडे, नवगावसमोर जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकी सगळी बुडाली. मढी वाहून किनाऱ्याला लागली ती या चौदा जणांनी नवगावलाच पुरली. पोथ्या गेल्या, भाषा गेली, एक शेमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. मग गावोगाव घाणे घातले, तेल काढायला लागले, शनवारी घाणा बंद म्हणून लोक म्हणायला लागले शनवार तेली. "आम्ही कुठून आलो ते लोक विचारतात," काकू म्हणाल्या, "मी सांगते, बुडून आलो."

नवगाव थळच्या जवळ, अलिबागच्या उत्तरेला. कब्रस्तान बघायला गेलात आणि तुम्हाला मोठं काही अपेक्षित असेल तर निराश व्हाल. झाडी, वाळकं गवत, मातीत अर्धे गाडलेले दगड ज्यांवर एक अक्षरही नाही, आणि अलीकडच्या काळात समाजाने उभारलेला एक स्मारकस्तंभ. परंपरा सांगते की बुडालेल्यांचे दोन मोठे ढिगारे होते, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. दोनच. नावं कोणाचीच नाहीत. कोणाची असणार, वाचलेल्या चौदा जणांना माहीत असतील ती त्यांच्याबरोबर गेली.

मला आदल्या दिवशीची चिरनेरची यादी आठवत होती, आठच्या आठ नावं बापासकट, आणि इथे नुसती माती. काकूंना मी म्हटलं की नावं नाहीत त्याचं वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या, "अरे नावं आहेत की. सगळ्या गावांना लागली." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. किहीम, पेण, रोहा, नवगाव. बुडालेल्यांची नाही, पण वाचलेल्यांच्या लेकरांनी प्रत्येक गाव आडनावात बांधून घेतलं, तीच शुक्रवारची एसटीची पाटी.

कद्दीश ही मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात आणि आमच्याकडे एक पुरुष, तोही मी. म्हणून काकूंनी छोट्या पुस्तकातून तेहिलीमचं एक स्तोत्र वाचलं, हिब्रू, पण चाल अशी की डोळे मिटले तर शेजारी कोणीतरी ओवी म्हणतंय असं वाटावं. बायको हात जोडून उभी. मी एक खडा उचलून ठेवला. कुठल्या दगडावर ठेवायचा कळेना, कुठल्याही ठेव म्हणाल्या, सगळे आपलेच.

बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि समुद्रावर गेलो. ओहोटी होती. काकू गाडीत बसल्या, मी उभा राहून उत्तरेकडे बघत होतो, रेवसच्या दिशेला. हे मी बायकोलाही नीट कधी सांगितलेलं नव्हतं. माझ्या आजीचा भाऊ रामदास बोटीवर होता. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. गिरगावात खानावळीत कामाला होता, सणाला घरी येत होता. सापडला नाही. कबर नाही, समाधी नाही, घरात त्याचा फोटोसुद्धा नाही. पण आजी असेपर्यंत आमच्या घरी गटारीला मटण शिजलं नाही. बाहेर अख्खी चाळ रश्श्याच्या वासाने दरवळायची आणि आमच्याकडे वरण-भात. आम्ही पोरं चिडायचो. आजी कारण सांगायची नाही, फक्त म्हणायची आज नको. कारण मला बाबांनी सांगितलं, आजी गेल्यावर.

गाडीत हे काकूंना सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, आमचा बिरड्याचा सण माहितीये का तुला. जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्या दिवसाचा उपास, आव महिन्याची नवमी, तिकडे दुनियाभरचे ज्यू त्या दिवशी जमिनीवर बसून विलापगीतं वाचतात. "आमच्याकडे पोथी नव्हती ना रे इतकी वर्षं. मग आमच्या बायकांनी काय केलं, उपास सोडायला वालाचं बिरडं केलं. सणाचं नावच पडलं बिरड्याचा सण. मंदिर कोणी पाडलं, कधी पाडलं, विसरलो असू, पण बिरडं नाही चुकलं." कधी येतो विचारलं तर म्हणाल्या अवसेनंतर नववा दिवस, पावसात. मी मोबाईलवर जुनी कॅलेंडरं काढून बसलो. पुष्कळ वर्षी ती अवस म्हणजे आपली गटारीच निघते. सत्तेचाळीस साली पण. म्हणजे माझ्या आजीने चूल गप्प ठेवली त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी अलिबागच्या इस्रायल आळीत घरोघरी वाल सोलले जात होते.

पुढचं थोडक्यात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू या त्यांच्या संदेष्ट्याचा, टापा बघितला, खडकावर खुणा आहेत, जहाजातून वाचलेल्यांना शुद्धीवर आणून एलियाहू तिथून रथाने वर गेला म्हणतात. मलिदा तिथेच झाला, काकूंनी आम्हा दोघांनाही दिला, पोह्याला खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास. अलिबागला इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग बाहेरून बघितलं. जेवण बऱ्यापैकी महाग आणि सुरमई शिळी होती, हॉटेलचं नाव सांगत नाही.

परतताना पोयनाडच्या पुढे रस्त्याकडेला बायका वालाच्या हिरव्या शेंगा घेऊन बसल्या होत्या, जानेवारीत तिकडे सगळीकडे पोपटीचा, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा, सीझन. बायकोने पोपटीसाठी दोन किलो घेतल्या. काकू काठी टेकत उतरल्या, त्यांना शेंगा नको होत्या. सुके कडवे वाल आहेत का विचारलं. गोणपाटावरची बाई म्हणाली, गेल्या सालचे आहेत, कीड लागलीय, नवे शिमग्याला येतील.

"मग शिमग्याचे दोन किलो बाजूला ठेव," काकू म्हणाल्या, "हा येईल न्यायला."

माझ्याकडे बोट दाखवून. बाईने माझा नंबर एका जुन्या पावतीच्या मागे लिहून घेतला आणि गाडीत बसल्यावर काकूंनी विचारलं, ऑपरेशन मार्चमध्ये आहे, तुला सोलायला येतं ना?

म्हटलं वाल सोलायला येतात.

"मोड आणायला?"

नाही येत म्हटलं, तर पनवेल येईपर्यंत मला कोमट पाणी किती, फडकं कसलं, रात्री कुठे ठेवायचं, सगळं सांगत बसल्या.